सेकंडहँड लॉग स्प्लिटरमध्ये कोणतं हायड्रॉलिक ऑइल घालावं?

ओंडकेवाला | १० ऑक्टोबर, रात्री ९:१२

मंडळी, सल्ला हवा आहे.

न्यू हॅम्पशायरमध्ये आमचं घर लाकडाच्या स्टोव्हवर तापतं. वर्षाला चार कॉर्ड लाकूड लागतं. (रचलेलं लाकूड ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब भरलं की एक कॉर्ड.) इतकी वर्षं घण, पाचर आणि कुऱ्हाड यांवर निभावलं. यंदा खांद्याने साथ सोडली, म्हणून गावातल्याच एकाकडून लाकूड फोडायचं जुनं हायड्रॉलिक यंत्र घेतलं. पेट्रोल इंजिन, आडवा बीम, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. विकणारा म्हणाला २७ टनी आहे. मॅन्युअल नाही आणि टाकीवरचं स्टिकर उन्हापावसाने पांढरंफटक झालंय.

इंजिन दुसऱ्या ओढीत सुरू झालं, रॅम (सिलिंडरमधून सरकणारा, लाकूड रेटणारा दांडा) मागेपुढे होतो. पण पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि टाकीतलं तेल तीन बोटं कमी आहे. कोणतं तेल आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही, त्यानेही ते जुनंच घेतलं होतं.

दुकानात गेलो तर बादल्यांची रांग: एडब्ल्यू ३२, एडब्ल्यू ४६, एडब्ल्यू ६८, ट्रॅक्टर फ्लुइड, शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल एटीएफ. जानेवारीत इथे पहाटे उणे २० सेल्सिअसपर्यंत जातं आणि मी थंडीतही फोडतो. कोणतं घेऊ? आणि नुसतं वरून भरू की सगळं बदलू?

---

घणाघाती | १० ऑक्टोबर, रात्री १०:०३

आधी तेलाचा रंग सांगा. लाल, मधासारखं, काळं की दुधाळ?

---

ओंडकेवाला | १० ऑक्टोबर, रात्री १०:२०

दुधाच्या चहासारखं.

---

शिरोली_पॉवरपॅक | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मग वरून भरायचा प्रश्नच मिटला. त्या तेलात पाणी तरी आहे नाहीतर हवा तरी. नवं तेल त्यात ओतलंत तर नवंही वाया जाईल.

आमचं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत पॉवरपॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र असलेला संच) आणि प्रेस दुरुस्तीचं काम आहे. तुमचं यंत्र म्हणजे चाकांवरचा पॉवरपॅकच. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ग्रेडचा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट, ते. ३२ म्हणजे ३२ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), दहा टक्के इकडेतिकडे. आकडा वाढला म्हणजे तेल ‘भारी’ झालं असा समज आमच्याकडेही आहे, तो काढून टाका. घट्टपणा तापमानाप्रमाणे बदलतो. ४६ नंबरचं साधं तेल ० अंशाला चाळीसच्या तुलनेत साधारण दहापट घट्ट होतं. उणे २० ला काय होईल बघा! आम्ही इथे डोळे मिटून ६८ भरतो, ब्रँड सर्वो सिस्टिम म्हणा, एन्क्लो म्हणा, हायड्रॉल म्हणा. कारण एप्रिलमध्ये शेडमध्येच ४० असतं आणि टाकी साठीला जाते. तिथे ३२ घातलं तर पाण्यासारखं पातळ होऊन गिअरच्या फटीतून मागे जाईल, दाब धरणार नाही. तुमच्याकडे नेमकं उलटं. घट्ट तेल जाळीतून पंपाकडे ओढलंच जात नाही, पंप उपाशी राहतो, आत पोकळ बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू टवका टवका खाल्ला जातो. त्या वेळी पंपात खडी टाकल्यासारखा आवाज येतो.

तुमच्या यंत्रात बहुतेक दोन टप्प्यांचा गिअर पंप असेल. लाकडाला टेकेपर्यंत दोन्ही गिअरजोड्या भरपूर तेल कमी दाबाने ढकलतात, म्हणून रॅम भराभर सरकतो. लाकूड अडलं, दाब वाढला की मोठी जोडी आपलं तेल परत टाकीकडे सोडते आणि लहान जोडी एकटी जोर लावते. रॅम मंदावतो, इंजिनचा आवाज बदलतो. असल्या पंपाला थंडीत पातळ तेलच मानवतं.

माझं मत: एडब्ल्यू ३२. एडब्ल्यू म्हणजे झीज रोखणारं, त्यात जस्ताचं संयुग असतं. उन्हाळ्यात दिवस दिवस चालवणार असाल तर ४६ चा विचार करता येईल. पण घरच्या चार कॉर्डला बारा महिने ३२ पुरे.

---

हिमगौरी | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:५५ (मिनेसोटा)

आमच्याकडे नऊ हिवाळे एटीएफ चालू आहे. डेक्स्रॉन ३ प्रकारचं. एकदाही पंप कुरकुरला नाही. अमेरिकेतल्या कितीतरी स्प्लिटरांच्या मॅन्युअलमध्ये एटीएफ किंवा १०डब्ल्यू एडब्ल्यू तेल असे दोन्ही पर्याय छापलेले असतात. ४० अंशाला एटीएफ ३२ नंबरच्याच आसपास असतं, पण गारठ्यात ते साध्या ३२ पेक्षा कमी घट्ट होतं, कारण ते बनवलंच आहे बर्फातल्या गाड्यांसाठी. शिवाय लाल असल्यामुळे बर्फावर एक थेंब पडला तरी गळती दिसते. मला हा फायदा फार मोठा वाटतो.

---

निरंजन_तेलवात | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

तेलाचा धागा आणि दिवाळी तोंडावर, म्हणून चकलीच्या आशेने उघडला. पण सगळे प्रतिसाद वाचून काढले. चालू द्या, छान चाललंय!

---

शिरोली_पॉवरपॅक | ११ ऑक्टोबर, दुपारी १:१५

@हिमगौरी ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही. गारठ्यात एटीएफ चांगलं वाहतं हे खरं. माझा आक्षेप एवढाच की त्यात गिअरबॉक्सच्या क्लचसाठी घर्षणाची रसायनं घातलेली असतात, त्यांचं इथे काही काम नाही, आणि त्यांचे पैसे द्यावे लागतात. एवढी थंडी असेल तर हायड्रॉलिकमध्येच उच्च व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं तेल मिळतं. तापमान बदललं तरी ते कमी बदलतं. तो पर्याय मला जास्त सरळ वाटतो.

---

हिमगौरी | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

तुमचं तेल कागदावर सरळ आहे, पण आमच्या गावच्या दुकानात ते मिळत नाही. एटीएफ पेट्रोल पंपावरही मिळतं. जानेवारीत होज (तेलाची रबरी नळी) फुटला की जे हाताशी मिळेल तेच चांगलं तेल.

---

वाटाड्या_मिस्त्री | ११ ऑक्टोबर, संध्या. ६:४८

एवढा विचार कशाला? गाडीचं १०डब्ल्यू-३० घाला. आमच्या ट्रॉलीच्या जॅकमध्ये कित्येक वर्षं जुनं इंजिन ऑइलच आहे, उसाची ट्रॉली उचलतंय की.

---

घणाघाती | ११ ऑक्टोबर, संध्या. ७:२०

मिस्त्री, दोन गोष्टी. १०डब्ल्यू-३० हे ४० अंशाला जवळपास ६८ नंबरएवढं घट्ट असतं, म्हणजे ओंडकेवाल्यांसाठी उलट्या दिशेला. दुसरं, इंजिन ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारी रसायनं असतात. ती पाणीही धरून ठेवतात. हायड्रॉलिक तेलाचं काम उलट, पाणी सोडून द्यायचं, म्हणजे ते टाकीच्या तळाशी बसतं आणि खालचा बूच काढून सांडता येतं. काही अवजड यंत्रांना १०डब्ल्यू इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं, ते वेगळं. पण वापरलेलं जळकं तेल कुठल्याच पंपात नको. त्यात धातूची भुकटी असते आणि ती पॉलिश पेपरसारखी घासते.

आणि कुणी ब्रेक ऑइल सुचवायच्या आत लिहितो: अजिबात नाही. ते ग्लायकॉलवर बनतं. खनिज तेलासाठी केलेले रबरी सील त्याने नासतात.

---

वाटाड्या_मिस्त्री | ११ ऑक्टोबर, संध्या. ७:४४

जळक्या तेलाचं पटलं. पुढच्या वेळी ट्रॉलीत ६८ भरतो.

---

ओंडकेवाला | १२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. काचेच्या बरणीत तेल काढून रात्रभर ठेवलं. वरचा फेस तासाभरात गेला, पण सकाळीही तेल गढूळच होतं आणि तळाशी पाण्याचा बोटभर थर होता. जुन्या तव्यावर अंगणात एक थेंब टाकला तर मोहरीसारखा तडतडला. पाणीच आहे.

आलं कुठून? यंत्र वर्षानुवर्षं उघड्यावर होतं. टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं, त्यावरची टोपी गायब आहे. पाऊस थेट आत.

---

काळंवन | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१० (जर्मनी)

पावसाशिवायही पाणी येतं. टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आतल्या हवेला घाम सुटतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर जास्तच. म्हणून हिवाळ्यात टाकी खुणेपर्यंत भरलेली ठेवायची.

इकडच्या यंत्रांवर एचएलपी ३२ किंवा एचएलपी ४६ असं लिहिलेलं असतं. डीआयएन ५१५२४ मानकाचा भाग २ म्हणजे एचएलपी, तुमच्या एडब्ल्यूसारखंच. भाग ३ म्हणजे एचव्हीएलपी, शिरोलीकर म्हणतात ते तापमानाला दाद न देणारं तेल. बादलीवर ही अक्षरं दिसली तर ब्रँडची चिंता करू नका.

एक फरक मात्र मनापासून सांगावासा वाटतो. इथे उभ्या स्प्लिटरला दोन्ही हातांनी दोन लिव्हर दाबावे लागतात, एक हात सोडला की पाचर थांबते. अमेरिकेतल्या यंत्रांना एकच लिव्हर असतो. ओंडका धरायला दुसरा माणूस उभा करू नका. एकाने लिव्हर आणि दुसऱ्याने लाकूड, यातूनच बोटं जातात.

---

त्रैराशिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

सिलिंडरचं माप द्या. २७ टनांचा हिशेब करून बघू.

---

ओंडकेवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आतला व्यास साडेचार इंच (बाहेरचं माप घेऊन भिंतीची जाडी वजा केली), रॉड २ इंच, स्ट्रोक २४ इंच. गेज बसवलं तर लाकूड अडल्यावर ३,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब दाखवतो.

---

त्रैराशिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

पिस्टनचं क्षेत्रफळ १५.९ चौरस इंच. गुणिले ३,००० म्हणजे सुमारे ४७,७०० पौंड. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे पावणेचोवीस-चोवीस टन. सत्तावीस टनांसाठी ३,४०० पीएसआय लागेल. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारी झडप) पिळून तो आकडा गाठायला जाऊ नका. होज, पंप आणि बीम कशासाठी बनवलेत हे माहीत नसताना तो स्क्रू हलवायचा नाही. चोवीस टन लाकडाला भरपूर झाले.

आता तुमच्या कामाचा हिशेब. रॅम पूर्ण मागे असताना रॉडच्या बाजूला सुमारे ५ लिटर तेल अडकलेलं असतं. म्हणजे टाकी पूर्ण रिकामी केलीत तरी ५ लिटर पाणीमिश्रित तेल यंत्रातच राहणार, होजमधलं वेगळं. एका बदलात काम होणार नाही. आणि रॅम बाहेर असताना टाकी काठोकाठ भरू नका. रॅम मागे आला की रॉडच्या आकारमानाएवढं, म्हणजे सव्वा लिटर तेल टाकीत जास्त येतं आणि झाकणातून उतू जातं. पातळी नेहमी रॅम मागे घेऊन बघायची.

---

हिमगौरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

हा हिशेब मला नऊ वर्षांपूर्वी हवा होता. वहाणा-मोजे सगळे लाल झाले होते.

---

पाटी_पेन्सिल | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:००

आतून डिझेल फिरवून धुतलं तर?

---

शिरोली_पॉवरपॅक | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:३५

नको. डिझेलला पंपाचं वंगण होता येत नाही आणि जे कोपऱ्यात उरतं ते नव्या तेलाला पातळ करतं. धुवायचं ते त्याच ग्रेडच्या तेलाने. टाकी मात्र रिकामी झाल्यावर आतून फडक्याने पुसा. कापूस किंवा धागे सुटणारं कापड नको. तळाची जाळी काढून साफ करा, परतीच्या वाटेवरचा फिल्टर नवा घाला. अडकलेल्या पंपांमध्ये आम्हाला सर्वांत जास्त काय सापडतं माहीत आहे? फडक्याचे धागे आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे. हायड्रॉलिकच्या जोडाला टेप लावूच नका, त्यासाठीची पेस्ट मिळते.

---

कॉटनं_चार | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मी सर्जरीत काम करते. लांबलेल्या धाग्यात हे कुणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितेय. होजमधून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हाताने चाचपू नका, हातमोजा घालूनही नाही. या दाबाचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही कातडीच्या आत शिरतं. सुरुवातीला फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस घरी बसतो. आत मात्र तेल बोटाच्या स्नायूबंधांवरून पसरत जातं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. ठिपका दिसला की तडक इमर्जन्सीत जायचं आणि ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ हे शब्द वापरायचे. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

---

ओंडकेवाला | १३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मी कालच होजवरून हात फिरवून बघितला होता. ताई, तुमचा प्रतिसाद छापून शेडमध्ये लावतो.

---

बांधावरून | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

ट्रॅक्टर फ्लुइडबद्दल कुणीच बोललं नाही. ते ट्रॅक्टरचे गिअर, तेलात बुडालेले ब्रेक आणि हायड्रॉलिक अशा तिन्हींसाठी असतं. चांगलं असेल तर स्प्लिटरमध्ये चालतं, पण ३२ पेक्षा घट्ट असतं. अमेरिकेत ‘३०३’ असं लिहिलेल्या स्वस्त बादल्यांपासून मात्र सावध. जॉन डिअरच्या ३०३ या जुन्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल असायचं. व्हेलच्या तेलावर बंदी आल्यावर १९७० च्या दशकात ते बंद झालं. आज त्या आकड्याला कसलंही चालू मानक नाही, त्यामुळे बादलीत काय आहे हे तो आकडा सांगत नाही.

---

सागवान | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

अवांतर: लाकूड कोणतं आहे? आता ऑक्टोबरात फोडलेलं ओक याच हिवाळ्यात जाळणार नाही ना? ओकला दोन उन्हाळे लागतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला नाही तर धुराड्यात डांबर साचतं आणि तेच पेट घेतं.

---

ओंडकेवाला | १५ ऑक्टोबर, संध्या. ६:१०

यंदासाठी दोन वर्षांपूर्वीचं मेपल आणि बर्च रचलेलं आहे. आता फोडायचंय ते ॲश. हिरवा भुंगेरा लागून वाळलेली पाच झाडं पाडावी लागली. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडलेली ही कीड आमच्या रानापर्यंत आली. ॲश सरळ रेषेत फुटतं, कुऱ्हाडीनेही फुटेल, पण बुंधे दोन फुटी आहेत.

---

सागवान | १५ ऑक्टोबर, रात्री ८:००

वाईट वाटलं. आमच्या आजोळी राजापूरकडे वाळका आंबा फोडायचे तेव्हा आजोबा आधी टोकाची चीर शोधायचे, मग पाचर ठेवायचे. गाठीवर घाव घालणाऱ्याला ते कुऱ्हाड देत नसत. यंत्रालाही तेच लागू: गाठ पाचरेपासून दूर ठेवा.

---

ओंडकेवाला | २३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

झालं एकदाचं. एडब्ल्यू ३२ च्या पाच गॅलनच्या दोन बादल्या आणल्या.

इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, लिव्हर मागेपुढे करून दाब सोडला. टाकी रिकामी केली. तळाला चिखलासारखा गाळ आणि जाळीला चिकटलेलं एक पान निघालं! पुसून घेतली, फिल्टर बदलला, झाकणाला नवी टोपी. पहिली बादली ओतली, दोरी ओढून तेल पंपापर्यंत येऊ दिलं, मग इंजिन मंद ठेवून रॅम दहा-बारा वेळा रिकामाच फिरवला. तेल पुन्हा फिकट दुधाळ झालं, त्रैराशिक म्हणाले तसंच. ते गरम असतानाच काढून टाकलं आणि दुसरी बादली घातली. आता मधासारखं स्वच्छ दिसतंय.

पण पंपाचा कण्हण्याचा आवाज पूर्ण गेलेला नाही. आणि अर्ध्या तासाने टाकीत फेस दिसतो.

---

शिरोली_पॉवरपॅक | २४ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

टाकीपासून पंपापर्यंतचा जाड होज बघा. त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथे क्लिप ढिली असली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून फरशी कोरडी आणि टाकीत फेस. क्लिपच्या सांध्यावर भरपूर ग्रीस चोपडा आणि मग इंजिन सुरू करा. आवाज बदलला तर चोर सापडला.

---

ओंडकेवाला | २५ ऑक्टोबर, दुपारी २:४०

सापडला! ग्रीस लावून सुरू केल्यावर दोन मिनिटांत पंप शांत. होज टोकाला कडक होऊन चिरला होता. नवा टाकला, दोन क्लिपा लावल्या. दुपारपर्यंत अर्धा कॉर्ड ॲश फोडलं. शिरोलीकर, इतक्या लांबून तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, मनापासून धन्यवाद.

---

पाटी_पेन्सिल | २५ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

जुन्या तेलाचं काय केलंत?

---

ओंडकेवाला | २५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

पाणी मिसळलेलं असल्यामुळे दुकानात घेतलं नाही. गावच्या कचरा केंद्रावर घातक कचऱ्याच्या दिवशी दिलं.

---

हिमगौरी | १८ जानेवारी, सकाळी १०:३०

ओंडकेवाला, इथे उणे २६. तुमच्या एडब्ल्यू ३२ चं काय चाललंय?

---

ओंडकेवाला | १८ जानेवारी, संध्या. ७:१५

उणे १२ पर्यंत छान. दोरी थोडी जड लागते, कारण इंजिनला पंप थेट जोडलेला आहे, आपण इंजिनबरोबर घट्ट तेलही ओढत असतो. सुरू झाल्यावर पाच मिनिटं मंद ठेवतो, रॅम रिकामा फिरवतो, मग काम. परवा उणे २१ होतं, तेव्हा दोन्ही हातांनी दोरी हलेना. त्या दिवशी सोडून दिलं. पुढच्या बदलात एचव्हीएलपी ३२ मागवणार आहे. तुमच्याइतकी थंडी असती तर मीही एटीएफच घातलं असतं, हे आता मान्य.

---

वखारवाले | ४ मार्च, सकाळी ११:४५

धागा वर काढतोय. सावंतवाडीला वखारीत विजेच्या मोटरचा स्प्लिटर बसवतोय. हे सगळं वाचून ३२ घ्यावं का?

---

शिरोली_पॉवरपॅक | ४ मार्च, दुपारी १:०५

नाही, तुम्ही ६८ घ्या. तुमची टाकी दुपारी साठीला जाईल. त्या तापमानाला ६८ चा घट्टपणा तीसच्या आसपास उतरतो, ३२ चा पंधराच्या. पंपाला पहिलाच बरा.

---

वखारवाले | ४ मार्च, दुपारी १:२०

आणि पावसाळ्यात यंत्र चार महिने बंद राहील, तेव्हा?

---

शिरोली_पॉवरपॅक | ४ मार्च, दुपारी १:५०

टाकी खुणेपर्यंत भरलेली ठेवा, झाकणाच्या हवेच्या भोकावर फिल्टरची टोपी बसवा. रॅम पूर्ण आत घेऊन ठेवा. बाहेर राहिलेल्या रॉडवर कोकणच्या हवेत गंजाचे ठिपके पडतात आणि पहिल्याच दिवशी ते सील कापतात. दसऱ्याला सुरू करण्याआधी खालचा बूच जरा सैल करून तळाचं पाणी येतंय का बघा.

---

वखारवाले | ४ मार्च, दुपारी २:०२

रॉड आत्ताच बाहेर आहे. आत घेतो.